‘पीछे से बंद है’

भिलाईतल्या कुठल्याही गच्चीवर चढा आणि चार दिशा बघून घ्या. पश्चिमेला नागपूर, रेल्वेने पावणेतीनशे किलोमीटरच्या आतबाहेर. पूर्वेला रायपूर, तीसेक किलोमीटर. दक्षिणेला आकाशात, विषुववृत्ताच्या डोक्यावर, 36 हजार किलोमीटर उंचीवर ओळीने उभे असलेले उपग्रह. उत्तरेकडून टीव्हीच्या दृष्टीने आजवर काहीच आलेलं नाही, डिसेंबरात थंडी येते तेवढीच.

आमच्याकडच्या मराठी घरांत जे जे म्हणून मराठी येतं ते पश्चिमेकडून येतं. सुना येतात, लग्नाच्या पत्रिका येतात, संत्री येतात, दिवाळी अंक येतात आणि ‘तुमची मुलं हिंदीतच भांडतात की हो’ असं म्हणणारे पाहुणेही तिकडूनच येतात. मराठी वाहिनी मात्र पश्चिमेकडून येत नाही. ती आधी वर जाते, उपग्रहाला शिवते आणि खाली येते. पावणेतीनशे किलोमीटरवर बोलली जाणारी भाषा बहात्तर हजार किलोमीटरचा फेरा मारून आमच्या गच्चीवर सुखरूप पोचते आणि मग गच्चीपासून हॉलपर्यंतच्या वायरीत अडकते.

हे दुखणं आमच्या एकट्याचं नाही. 1955 मध्ये इथल्या पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला, 1959 मध्ये पहिली झोतभट्टी पेटली आणि तिच्यासाठी देशभरातून माणसं इथे आली. आमच्या ओळीतच आंध्रचे, केरळचे, बंगालचे, पंजाबचे आणि बिहारचे लोक आहेत. प्रत्येकाचं गाव वेगळ्या दिशेला. तबकड्यांची तोंडं मात्र सगळ्यांची दक्षिणेला, कारण भारतातून बघितलं की उपग्रह दक्षिणेलाच असतात, त्याला इलाज नाही. आमच्या आजीला हे कधीच पटलं नाही. दक्षिण ही यमाची दिशा. घराचं दार तिकडे नको, झोपताना पाय तिकडे नकोत, आणि रोज संध्याकाळी सात वाजता सगळ्या घराने ज्याच्या भरवशावर बसायचं ते भांडं मात्र तिकडे तोंड करून! जुनी ॲन्टेना रायपूरकडे, म्हणजे पूर्वेकडे बघायची, तेव्हा मालिकांत सुना सरळ होत्या, असं तिचं निरीक्षण होतं.

ॲन्टेनाचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट नागपूरकरांना ऐकवल्याशिवाय मला राहवत नाही. 1975 च्या ऑगस्टपासून 1976 च्या जुलैपर्यंत ‘साइट’ नावाचा उपग्रह-दूरदर्शनचा प्रयोग झाला. सहा राज्यांतली सुमारे 2400 खेडी त्यासाठी निवडली होती आणि तेव्हाच्या मध्य प्रदेशातून निवड झाली ती आमच्या छत्तीसगडच्या पट्ट्याची. उपग्रह ‘नासा’चा, एटीएस-6. शाळेपुढे किंवा पंचायतीपुढे तीन मीटर व्यासाची तबकडी, आणि तिला जाळी कसली, तर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली तारेची. सकाळी मुलांसाठी कार्यक्रम, संध्याकाळी शेती, आरोग्य वगैरे. म्हणजे ज्या काळात नागपुरात टीव्ही बघायचा तर मुंबईचं तिकीट काढावं लागत होतं, त्या काळात इकडे खेड्यातला शेतकरी धान कापून येऊन थेट उपग्रहावरून कार्यक्रम बघत होता. वर्ष संपलं आणि शेजाऱ्याकडून आणलेली शिडी परत मागावी तसा अमेरिकेने आपला उपग्रह परत नेला. पण त्या पुण्याईने 1977 मध्ये जयपूर, हैदराबाद, गुलबर्गा, संबलपूर, मुझफ्फरपूर यांच्या जोडीला रायपूरलाही जमिनीवरचा ट्रान्समीटर मिळाला. हे मी नागपूरला, सासुरवाडीला सांगितलं की तिथे विषय संत्र्याच्या भावाकडे वळतो.

मग आमच्या क्वार्टरांवर ॲल्युमिनियमच्या आडव्या नळ्यांचं पीक आलं. ॲन्टेना पूर्वेकडे असली तरी ती नेमकी किती पूर्वेकडे, यात सगळं होतं. वर एक मुलगा, खिडकीत एक मध्यस्थ, टीव्हीपुढे बाबा. ‘आला का?’ ‘नाही!’ ‘आता?’ ‘आला, आला, गेला!’ हा संवाद आमच्याकडे मराठीत, पलीकडे तेलुगूत आणि समोर बंगालीत एकाच वेळी चालायचा. कारण वारा सगळ्यांच्याच गच्चीवर एकदम सुटायचा. त्यातला ‘गेला’ हा शब्द इतक्या आर्त स्वरात निघे की रस्त्याने जाणारे लोक थबकून चपला काढायच्या बेतात येत. या सगळ्यात माझ्या मते खरा अन्याय मधल्या माणसावर व्हायचा. वरचा निदान हवा खात होता, खालचा चित्र बघत होता. खिडकीतला मात्र दोन्हीकडच्या शिव्या इकडून तिकडे पोचवत असे. आमच्या घरी ते काम माझ्याकडे होतं.

आणि ज्या गावात रेल्वेचे रूळ लाटतात, हल्ली तर 130 मीटर लांबीचा एकसंध रूळ लाटतात, त्या गावात ॲन्टेनाचा पाइप मात्र एकाही घरावर सरळ उभा नव्हता. कारखान्यात हजाराहून जास्त अंश तापमानाचं लोखंड काबूत ठेवणारी माणसं गच्चीवर सुतळीने पाइप बांधताना हतबल झालेली मी पाहिली आहेत. 1987 मध्ये रविवारी सकाळी रामायण सुरू झालं तेव्हा देशभरचे रस्ते ओस पडले म्हणतात. आमच्याकडे अर्धेच पडायचे. झोतभट्टीला रामायण समजत नाही. ज्यांची फर्स्ट शिफ्ट असे त्यांना दोन वाजता घरी आल्यावर बायको कथा सांगे, आणि त्यात कैकेयीच्या जागी हळूहळू सासूबाई येऊ लागत.

नव्वदच्या दशकात केबल आली आणि दिशांची कटकट गेली. कारण केबल कुठून येते हे कुणालाच कळत नाही. ती विजेच्या खांबावरून येते, कडुलिंबावरून येते, दोन गच्च्यांच्या मधून झोका घेत येते आणि खिडकीच्या फटीतून घरात शिरते. ती बंद पडली की केबलवाल्याला फोन करायचा. तो एकच वाक्य म्हणतो: ‘अंकल, पीछे से बंद है.’

या वाक्यावर मी बराच विचार केला आहे. मागून म्हणजे कुठून? पहिल्यांदा मला वाटलं, मागच्या गल्लीतून. मागच्या गल्लीत विचारलं तर तिथेही ‘पीछे से’. सुपेल्याला विचारलं तर पॉवर हाउसकडे बोट, पॉवर हाउसला विचारलं तर दुर्गकडे, दुर्गला विचारलं तर रायपूरकडे. रायपूरचा माणूस म्हणाला, ‘ऊपर से बंद है.’ इथे शास्त्र संपून अध्यात्म सुरू होतं, म्हणून मी शोध थांबवला. केबलवाल्याचा पोऱ्या छत्तीसगढी. तो त्याच्या सायबाला फोनवर ‘पाछू ले बंद हे’ म्हणून सांगायचा. म्हणजे ज्याला मी पुढचं टोक समजत होतो त्यालाही मागून कुणीतरी बंद करत होतं.

जुन्या टीव्हीला वाहिन्यांची बटणं मोजकी. त्यात दूरदर्शनच्या वाहिन्या कायद्याने दाखवाव्याच लागत. उरलेल्या जागांवर कोणती भाषा बसवायची हे केबलवाला ठरवत असे, आणि त्याच्याइतकं भाषावार प्रांतरचनेचं काम फाजल अली आयोगालाही पडलं नसेल. तेलुगू हवीच, कारण ते संख्येने जास्त आणि पैसे वेळेवर देतात. मल्याळम हवी, कारण सेक्टर नऊच्या इस्पितळातल्या सिस्टर बाई उद्या सुई टोचणार आहेत. बंगाली नसेल तर दुर्गापूजेची वर्गणी बंद. भोजपुरीला नाही म्हणण्याची कुणाची छाती? मराठी माणसाचं काय, तो भांडत नाही, निवेदन देतो. आम्ही दिलेलं निवेदन केबलवाल्याने आदराने घेतलं आणि 1999 साली सुरू झालेली अल्फा मराठी आम्हाला शेवटच्या नंबरावर दिली, जिथे चित्र कमी आणि मुंग्या जास्त. त्या मुंग्यांतून आमच्या आईने वर्षानुवर्षं मालिका बघितल्या. पात्रं ती आवाजावरून ओळखायची. पुढे चित्र स्वच्छ झालं तेव्हा ‘हा एवढा काळा होता?’ असा तिला एका नायकाबाबत धक्का बसला.

त्यानंतर तबकड्या आल्या. घरोघरी थेट सेवा देणारी पहिली कंपनी 2003 मध्ये आणि दूरदर्शनची फुकट सेवा 2004 च्या डिसेंबरात. ही फुकट सेवा म्हणजे मध्यमवर्गाला पडलेलं कोडं होतं. महिन्याचं भाडं नाही म्हणजे काहीतरी खोट असणार, या खात्रीने ती आमच्या ओळीत कुणी घेतली नाही. घेतली ती मागच्या वस्तीतल्या लोकांनी, आणि त्यांच्याकडे सह्याद्री वाहिनी आमच्या आधी आली. कामवाल्या मावशी छत्तीसगढी, पण महाराष्ट्रातल्या पिकांवरचे रोग आमच्या हिला त्या सांगायच्या.

आम्ही तबकडी घेतली ती पैसे भरून. बसवायला आलेल्या मुलाच्या हातात पीं-पीं वाजणारं यंत्र होतं. सिग्नल जवळ आला की पीं लांबते. त्याने तबकडी फिरवत फिरवत नेमकी अशा जागी आणली की समोर पाण्याची टाकी. टाकी हलवा म्हणाला. टाकी हलत नाही म्हटल्यावर म्हणाला, ‘तो फिर आम का पेड़ काटना पड़ेगा.’ आंब्याचा या प्रकरणाशी संबंध काय हे मला अजून कळलेलं नाही. बहुधा तो ग्राहकाला नेहमी दोन पर्याय देत असावा. शेवटी तबकडी पाच फूट सरकवली आणि काम झालं. झाड अजून उभं आहे, कैऱ्या त्यानेही नेल्या.

मग मराठी दिसू लागली, आणि काय दिसू लागली! 2016 मध्ये तर मराठीतल्या मोठ्या वाहिन्यांनी एचडीचं रूप घेतलं. मालिकेतली नायिका झोपेतून उठते तेव्हाही तिने काय काय लावलं आहे हे मोजता येऊ लागलं. एचडीसाठी कॉल सेंटरला फोन केला तेव्हा पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, ‘सर, आपका एरिया छत्तीसगढ़ दिखा रहा है, आपको मराठी क्यों चाहिए?’ या प्रश्नाला काय उत्तर द्यावं? भोसल्यांच्या राज्यापासून सुरुवात करावी? पेंड्र्याला ‘छत्तीसगढ़ मित्र’ काढणाऱ्या माधवराव सप्र्यांचं नाव सांगावं? राजनांदगावला शिकवणारे, घरी मराठी आणि कवितेत हिंदी बोलणारे मुक्तिबोध सांगावेत? फोनवरून हीच मागून म्हणाली, ‘अहो, इतिहास नको, आठ वाजायला आले. नुसतं चाहिए म्हणा.’ मी नुसतं ‘चाहिए’ म्हटलं.

1 फेब्रुवारी 2019 पासून नवा नियम आला: हव्या त्या वाहिन्या निवडा आणि तेवढ्याचेच पैसे द्या. तत्त्व उत्तम. तेव्हा शंभर वाहिन्यांपर्यंत 130 रुपये मूळ शुल्क होतं, त्यावर 18 टक्के कर, म्हणजे 153 रुपये 40 पैसे. वर ज्या सशुल्क वाहिन्या घ्याल त्यांचे वेगळे. त्यात एक कलम असं होतं की एक एचडी वाहिनी मोजताना दोन धरायची. हे वाचून आमच्या मामांना फार आनंद झाला. मामा कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये होते, भट्टीचं तापमान मोजण्यात आयुष्य गेलं, मोजमापाचा विषय निघाला की त्यांचा आवाज चढतो. ‘बरोबरच आहे,’ ते म्हणाले, ‘मालिकेत एक गोष्ट दोनदा दाखवतात, तेव्हा दोन धरल्या तर चुकलं कुठे?’ सगळ्या घराने कागद-पेन घेऊन याद्या केल्या. आजीला भजनाची, मुलाला क्रिकेटची, हिला मराठीच्या तीन, मला बातम्यांची. बेरीज पूर्वीच्या बिलापेक्षा जास्त आली. म्हणजे आम्हाला पूर्वी नको असलेल्या वाहिन्या स्वस्तात मिळत होत्या आणि आता हव्या असलेल्या महाग मिळू लागल्या. याला निवडीचं स्वातंत्र्य म्हणतात.

एवढं करून एचडी खरोखर कितीजण बघतात, हा वेगळाच विषय आहे. शेजारच्या आंध्रच्या अंकलकडे एचडी वाहिन्या, एचडी बॉक्स, भिंतभर टीव्ही. मी सहज मागे डोकावलो तर बॉक्स टीव्हीला जोडलेला होता लाल-पिवळ्या-पांढऱ्या तीन वायरींनी. एचडीचं चित्र त्यातून येतच नाही. त्यासाठी एचडीएमआयची वायर लागते. ती कुठे आहे विचारलं तर अंकल म्हणाले, ‘संभालके रखा है, नयी है.’ शोकेसमध्ये, प्लॅस्टिकच्या पिशवीत, मैत्रीबागेत काढलेल्या फोटोच्या शेजारी ती ठेवली होती. चित्र आडवं ताणलेलं, सगळे नट रुंद झालेले. मी सुचवलं की वायर बदलू या. तर आंटी म्हणाल्या, नको, बारीक माणसं आजारी दिसतात.

तबकडीचा खरा शत्रू पाऊस. घरच्या तबकड्यांचा सिग्नल ज्या लहरींवर येतो त्यांची लांबी अडीच सेंटिमीटरच्या आसपास. मोठ्या थेंबांचा पाऊस तो वाटेतच खाऊन टाकतो. केबलवाल्याच्या गच्चीवरच्या अवाढव्य तबकडीचं काम त्याहून लांब लहरींवर चालतं, तिला पावसाचं फारसं काही वाटत नाही. त्यामुळे जूनमध्ये पहिला वळीव आला की ढगांच्या गडगडाटात आमची मराठी जाते आणि केबलवरचं सगळं शाबूत राहतं. मामांनी हे तत्त्व पाठ करून ठेवलं आहे आणि मालिकेत लग्न लागायच्या नेमक्या क्षणी पडदा निळा झाला की ते हिला समजावून सांगतात. तत्त्वाला त्या वेळी श्रोता मिळत नाही.

म्हणून आम्ही केबल काढली नाही. आणि दुसरं कारण म्हणजे लोकल चॅनल. उद्या सकाळी नळाला पाणी येणार की नाही, कुठल्या सेक्टरात लाइट जाणार, कुठल्या कोचिंगचा कोण कितवा आला, कुणाचा उठावना किती वाजता, हे बहात्तर हजार किलोमीटरवरून कुणी सांगत नाही. दूरदर्शनची छत्तीसगढ वाहिनी 2019 च्या मार्चमध्ये उपग्रहावर चढली, रायपूरच्या बातम्या देणाऱ्या खासगी वाहिन्याही आहेत; पण आमच्या नळाची बातमी रायपूरला कशी कळणार? ती केबलवाल्याच्या दुकानामागच्या खोलीतून येते. पडद्याच्या तळाशी पट्टी पळते आणि त्या पट्टीखालून आणखी एक पट्टी. मधल्या उरलेल्या जागेत बातमीदार उभा असतो. चित्र मात्र असं की निवेदक हसतोय की शिंकतोय हे सांगता येऊ नये. सिव्हिक सेंटरमधला समारंभ, घरापासून चालत जाण्याच्या अंतरावरचा, आम्हाला धुक्यातून दिसतो. मुंबईच्या सेटवरच्या खोट्या मंगळसूत्राचे मणी मात्र लख्ख.

मामांनी यावर तिसरा मार्ग काढला: पुन्हा ॲन्टेना. 2016 च्या फेब्रुवारीत दूरदर्शनने सोळा शहरांत हवेतून डिजिटल प्रक्षेपण सुरू केलं, त्यात रायपूर होतं. जुने ॲनालॉग ट्रान्समीटर 2022 पर्यंत देशात बहुतेक ठिकाणी बंद झाले, पण हे नवं, फुकट आणि मुंग्यांशिवाय. काही नव्या टीव्हीत त्याची सोय असते, मात्र विकणाऱ्याला ठाऊक नसते. मामांनी नळ्या कापल्या, लांबी मिलिमीटरमध्ये मोजली आणि पाइप पुन्हा पूर्वेकडे उभा केला, सुतळीनेच. मामी खाली, भाचे खिडकीत. ‘आला का?’ चित्र आलं, अगदी स्वच्छ आलं. एका गृहस्थांची खताविषयी मुलाखत चालली होती. मामांनी ती शेवटपर्यंत बघितली आणि सगळ्यांना बसवून दाखवली. डिजिटलमध्ये मधलं काही नसतं, आलं तर पूर्ण येतं नाहीतर काहीच नाही, असंही सांगितलं. मामींनी विचारलं, ‘यावर आपली मालिका लागते का?’ लागत नव्हती. तेव्हापासून ॲन्टेनावर दुपारी पापड वाळतात.

सध्या आमच्या टीव्हीपुढे रिमोट इतके आहेत की पाहुण्याला कुठला कशाचा हे सांगण्यात चहा निवतो. मुलाने यावर उपाय म्हणून सगळं मोबाइलवर बघायला सुरुवात केली आहे. त्याच्याविषयी लिहिण्यासारखं काही नाही, तो बोलतच नाही.

मात्र मागच्या महिन्यात खळबळ उडाली. केबलवाला वसुलीला आला तो पेढे घेऊन. ‘अंकल, अपना लोकल चैनल भी एचडी हो रहा है. गणेशोत्सव का नाटक इस बार एचडी में दिखाएंगे.’ आमच्या ओळखीतली मराठी मंडळी दर गणपतीत एक नाटक बसवतात आणि लोकल चॅनल ते दाखवतं. आजवर त्या धुक्यात आमचे नायक सुखाने पंचविशीत राहिले होते. प्लांटमधून निवृत्त झाल्यालाही काही काळ लोटलाय, पण विग आणि लोकल चॅनल या दोन गोष्टींच्या आधारावर ते दरवर्षी कॉलेजात जायचे. नायिकाबाईंच्या मुलीचं यंदा बाळंतपण झालं.

तातडीची बैठक बसली. विगचा डिंक कपाळावर दिसेल का, यावर मामांचं तांत्रिक मत घेतलं गेलं. मामा म्हणाले, ‘डिंक तर दिसेलच, प्रॉम्प्टरही दिसेल.’ मग प्रॉम्प्टरने राजीनामा दिला. कुणी म्हणालं नाटकच बदलू, वयस्कर पात्रांचं घेऊ. त्यावर नायक उठून उभे राहिले आणि रंगभूमीच्या परंपरेवर बोलले. शेवटी केबलवाल्याला बोलावून विचारलं की आमच्यापुरतं जुनंच चित्र ठेवता येईल का. त्याला आधी कळेना. एचडी नको म्हणणारं गिऱ्हाईक त्याने पाहिलं नव्हतं. मग त्याने नायकांकडे नीट बघितलं, नायिकाबाईंकडे बघितलं आणि त्याच्या लक्षात आलं.

‘चिंता मत करो अंकल,’ तो म्हणाला, ‘उस दिन पीछे से खराब कर देंगे.’